विमान, हवाई जहाज आणि गाली मोटार

आदिलाबाद शहरालगत निजामी अमदानीतली एक धावपट्टी आहे. तिची जागा भारतीय हवाई दलाच्या ताब्यात असून २०२५ साली हवाई दलाने तेथे नागरी विमानतळ उभारण्यास संमती दिली. हैदराबाद तेथून सुमारे तीनशे किलोमीटरांवर आणि नागपूर सुमारे दोनशे किलोमीटरांवर. या दोन शहरांना जोडणारी विमाने अनेक दशके या मुलखाच्या माथ्यावरून जात आली आहेत. ती कधी काळी येथे उतरतील, ही आशा लोकांनी पुष्कळ वर्षे बाळगली आहे. विमानतळ केव्हा होईल हे सांगणे आमचे काम नव्हे. आमच्या मनात आलेला प्रश्न लहान आहे, परंतु साहित्य परिषदेच्या कक्षेतला आहे. या जिल्ह्यातला मराठी माणूस आकाशातून जाणाऱ्या त्या वस्तूला काय म्हणतो, आणि तिच्या निरनिराळ्या जातींना मराठीने जी नावे दिली आहेत ती त्याच्या तोंडी टिकण्याजोगी आहेत काय?

हा प्रश्न पुण्यामुंबईत बसून विचारला असता तर त्याला विशेष अर्थ राहिला नसता. तेथे मराठी शब्दाला प्रतिस्पर्धी एकच, तो म्हणजे इंग्रजी. आदिलाबादेत तसे नाही. येथे मराठीच्या शेजारी तेलुगू आहे, उर्दू आहे, गोंडी आणि कोलामी बोलणारी वस्ती आहे. आणि एकाच आठवडी बाजारात सौदा करणारा माणूस दिवसभरात तीन भाषा सहज बदलतो. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, किनवट आणि राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले; पैनगंगेच्या दक्षिणेला जी मराठी वस्ती राहिली ती आधी आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हाही बेला, जैनथ, तामसी या बाजूची मराठी गावे आदिलाबादेतच राहिली. अशा ठिकाणी शब्द सोवळ्यात राहू शकत नाही. त्याला रोज चार शब्दांच्या शेजारी उभे राहून आपली जागा टिकवावी लागते. म्हणून परिभाषेची परीक्षा घ्यावयाची असेल तर ती येथे घ्यावी, असे आम्हांला वाटते.

प्रथम येथे ऐकू येणारे शब्द पाहू. मराठी घरात ‘विमान’ आहे. शेतात काम करणाऱ्यांच्या तोंडी त्याचेच ‘इमान’ होते. विहिरीची ‘इहीर’ आणि विठ्ठलाचा ‘इठ्ठल’ ज्या नियमाने होतो त्याच नियमाने हे घडले. परिणामी निष्ठेचे ‘इमान’ आणि आकाशातले ‘इमान’ कानाला एकच झाले. पण ‘इमान चाललं’ हे वाक्य कापूस वेचणाऱ्या बाईने वर पाहून उच्चारले तर गैरसमज कोणाचाच होत नाही. उर्दू बोलणाऱ्यांच्या घरी ‘हवाई जहाज’ आहे, आणि लिहिणाऱ्या उर्दूत ‘तय्यारा’. हा दुसरा शब्द पक्षी या अर्थाच्या अरबी धातूकुळातला. तेलुगू पुस्तकात ‘विमानम्’ आहे. परंतु तेलंगणाच्या बोलीत खेड्यातल्या माणसाचा खरा शब्द आहे ‘गालि मोटारु’. ‘गालि’ म्हणजे वारा. वाऱ्यावरची मोटार ती गाली मोटार. तेलुगू न जाणणाऱ्याला या शब्दात शिवी ऐकू येईल. जाणणाऱ्याला मात्र त्यात, ज्याने मोटार आधी पाहिली आणि विमान नंतर, अशा माणसाचा सरळ तर्क दिसेल.

या पाचही नावांकडे पाहिले म्हणजे नव्या वस्तूला नाव देण्याच्या दोन रीती स्पष्ट होतात. एक रीत ओळखीच्या वस्तूला विशेषण लावण्याची. हवेतले जहाज, वाऱ्यावरची मोटार, आणि आपली आगगाडी, आगबोट ही सर्व त्या रीतीची. दुसरी रीत जुन्या संचितातला एखादा शब्द उचलून त्याला नवे शरीर देण्याची. मराठीने आगगाडीसाठी पहिली रीत स्वीकारली आणि विमानासाठी दुसरी. असे का झाले? ‘पुष्पकरथ’ हा शब्दही संचितात होता, आणि ‘हवाई जहाज’ शेजारच्या घरात तयार होते; जहाज हा शब्द तर मराठीचा केव्हाच झाला होता. तरीही मराठीने ‘विमान’ घेतले आणि ते असे घेतले की आज कोणाला ते घेतले असल्याचे आठवतही नाही.

याचे कारण ‘विमान’ हा शब्द संस्कृत आहे, एवढेच सांगितले तर ते अपुरे आहे. संस्कृतात हा शब्द ‘वि’ उपसर्ग आणि मोजणे या अर्थाचा ‘मा’ धातू यांपासून झालेला असून त्याचे अर्थ अनेक आहेत. अंतर मापीत जाणारे ते विमान, देवांचा रथ ते विमान, अनेक मजल्यांचा प्रासाद तेही विमान. दक्षिणेत गर्भगृहावरील शिखराला विमान म्हणतात. तिरुमलैच्या मंदिराचे ‘आनंदनिलय विमान’ प्रसिद्धच आहे, आणि त्यावरील मूर्तीला ‘विमान वेंकटेश्वर’ म्हणतात. आदिलाबादचा मराठी यात्रेकरू बालाजीला जातो तेव्हा त्याच्या कानी पडणारे विमान दगडाचे आणि सोन्याच्या पत्र्याचे असते. ते कोठेही जात नाही. मराठीने त्याला ‘शिखर’ हा वेगळा शब्द ठेवला, आणि विमानाचा फक्त जाणारा अर्थ आपल्याकडे घेतला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्या काळी आकाशयंत्राची वार्ताही नव्हती, तरी विमान हा शब्द कोशात होताच, देवांचे वाहन या अर्थाने.

मराठी खेड्याला हा अर्थ कोशातून कळला नाही. तो कीर्तनातून कळला. रामाने लंकेहून अयोध्येला यावे ते पुष्पकातून, आणि तुकोबाने वैकुंठास जावे तेही विमानातून, ही चित्रे अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही मनात पक्की होती. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस उतरले. १९३६ साली ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात तुकोबा गरुडवाहनातून वैकुंठास गेले. एक विमान जुहूच्या मैदानावर उतरले होते, दुसरे पडद्यावर चढत होते. आणि प्रेक्षकांना एकाच शब्दाने दोन्ही सांगता येत होते. जुन्या अर्थाने नव्या अर्थाला अडवले नाही, उलट त्याला हात दिला. परिभाषा घडविणाऱ्यांनी लक्षात घ्यावयाची पहिली गोष्ट हीच, की शब्द संस्कृत असल्याने रुजत नाही. तो आधीच लोकांच्या तोंडी असल्याने रुजतो.

आता विमानांच्या जातींकडे वळू. इंग्रजीत त्यांची नावे बहुधा एका शब्दाची असतात आणि त्यांतली पुष्कळशी क्रियापदावरून झालेली असतात. मराठीने येथे मुख्यतः विशेषणावर काम भागविले. लढाऊ विमान, मालवाहू विमान, टेहळणी विमान, बाँबफेकी विमान, प्रशिक्षण विमान, प्रवासी विमान. ही नावे कोणा एका पंडिताची नाहीत. युद्धाच्या बातम्या रोजच्या रोज मराठीत देणे ज्यांना भाग होते त्या वृत्तपत्रांच्या मेजांवर त्यांतली बरीचशी घडली आणि वाचकांच्या वापराने स्थिर झाली. त्यांची घडण पाहण्याजोगी आहे. ‘लढाऊ’मधला प्रत्यय टिकाऊ, विकाऊ या शब्दांतला. ‘टेहळणी’ किल्ल्याच्या बुरुजावरून आली. ‘मालवाहू’ हा बैलाला, गाडीला आणि बोटीला लावता येणारा शब्द विमानालाही लागला. आणि पुढे ज्या युद्धनौकेवर विमानेच माल म्हणून असतात तिला ‘विमानवाहू नौका’ म्हणताना कोणाला कोश उघडावा लागला नाही.

येथेच आम्हांला परिभाषेची खरी कसोटी सापडते. चांगला पारिभाषिक शब्द तो, जो ऐकल्यावर बोलणाऱ्याला त्यापासून पुढचा शब्द स्वतः करता येतो. अर्थाची काटेकोरता आवश्यक आहे खरी. पण ती व्याख्येने देता येते. प्रसवशक्ती मात्र कोणत्याही समितीला देता येत नाही. ‘विमान’पासून वैमानिक, विमानतळ, विमानसेवा, विमानफेरी, विमानविरोधी तोफ ही सगळी प्रजा झाली. त्यातला ‘वैमानिक’ तर विशेष लक्षणीय. जैन परंपरेत विमानांत राहणाऱ्या देवांच्या एका वर्गाला वैमानिक म्हणतात. मराठीने त्या देवांना नोकरी दिली, गणवेश दिला आणि विमान चालविण्यास बसविले! हिंदीत आणि तेलुगूत बोलताना इंग्रजी ‘पायलट’ जितका सहज येतो तितका मराठी बातमीत येत नाही, कारण मराठीजवळ तयार माणूस आहे.

‘हवाई जहाज’ या नावाला ही प्रसवशक्ती नाही. तो शब्द दोन पायांवर उभा आहे आणि त्याला तिसरा जोडला की तोल जातो. परंतु यातून अरबी घराण्यातले सर्वच टाकाऊ, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ‘हवाई’ या विशेषणाकडे पाहावे. हवाई दल, हवाई हल्ला, हवाई टपाल, हवाई छत्री, हवाई सुंदरी. यातला एकही शब्द मराठीला परका वाटत नाही. म्हणजे मराठीने या क्षेत्रात एक सुंदर श्रमविभागणी केली आहे. नाम संस्कृताचे ठेवले, विशेषण अरबीचे. यंत्राचे नाव ‘विमान’, आणि त्या यंत्राच्या जगाशी संबंध असलेल्या गोष्टींना ‘हवाई’. ही विभागणी कोणी ठरवून केली नाही आणि म्हणूनच ती पक्की आहे. हवाई दलाचे ‘वायुदल’ केल्याने अर्थात कसलीही भर पडत नाही. तो शब्द चालतोही. पण ‘हवाई छत्री’चे ‘वायुछत्र’ करून पाहावे म्हणजे भेद कळतो. पहिल्यातून माणूस खाली उतरतो, दुसऱ्यात देव बसतो.

भाषाशुद्धीच्या वादात हे विसरले गेले. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. मराठीत परके किती मुरले आहे हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते तोच पुढे शुद्धीचा पुरस्कर्ता झाला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. त्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. परक्या शब्दांच्या लोंढ्याखाली घरचे शब्द बुडू नयेत, ही चिंता रास्तच होती. परंतु सरहद्दीवरच्या माणसाच्या दृष्टीने ‘परके’ आणि ‘आपले’ यांची रेघ कोशकाराच्या रेघेहून वेगळ्या ठिकाणी पडते. आदिलाबादच्या मराठी माणसाला ‘हवाई’ परके वाटत नाही; त्याच्या शेजाऱ्याच्या दारातून ते रोज त्याच्या अंगणात येते. ‘वायु’ मात्र त्याला पुस्तकात भेटतो.

याच भूमीने दुसऱ्या टोकाची चूकही पाहिली आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, आणि त्यासाठी आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या भाषांतर संस्थेने उर्दूत शास्त्रीय शब्दांची मोठी संपत्ती निर्माण केली. त्या श्रमांविषयी आदर बाळगूनच म्हणावे लागते की, अरबी-फार्शीच्या उंच शिखरावरून घडविलेले पुष्कळ शब्द वर्गाच्या दाराबाहेर पडले नाहीत. आपल्याकडे संस्कृतच्या शिखरावरून जे शब्द घडविले गेले त्यांतल्या पुष्कळांचीही तीच गत झाली. उगम निराळा, दोष एकच. दोन्हीकडे शब्द आधी झाला आणि बोलणारा नंतर शोधला गेला.

हाच दोष अधिक उग्र रूपात पाहावयाचा असेल तर ‘वैमानिक शास्त्र’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाकडे पाहावे. त्यात विमानांच्या चार जाती सांगितल्या आहेत: शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर. नावे श्रवणमधुर आहेत यात शंका नाही. परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची चिकित्सा करून दाखविले की, तो १९०४ पूर्वीचा असल्याचा पुरावा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडण्यास असमर्थ आहेत. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर उडविल्याचे सांगितले जाणारे ‘मरुत्सखा’ हेही असेच एक गोड नाव. त्या उड्डाणाला विश्वसनीय समकालीन पुरावा मिळालेला नाही. तळपद्यांच्या उत्साहाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण वस्तूआधी नावाने उडू लागावे, हा मोह आपल्या समाजाला आहे आणि परिभाषाकारांनाही आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

याचा अर्थ भारदस्त संस्कृत नावांना विमानांच्या जगात जागाच नाही असा नव्हे. ती जागा विशेषनामाची आहे. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे ‘मारुत’ हे लढाऊ विमान १९६१ साली प्रथम उडाले, ‘तेजस’ला ते नाव २००३ साली मिळाले, ‘ध्रुव’ हे हेलिकॉप्टर आहे. ही नावे शोभतात, कारण विशेषनामाने अर्थ सांगावयाचा नसतो, अभिमान सांगावयाचा असतो. १९५८ साली प्रथम उडालेल्या एका लहान विमानाला ‘पुष्पक’ हे नाव दिले गेले. रामायणातल्या पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामी राहते, अशी आख्यायिका आहे; या पुष्पकात जागा दोनच होत्या. तरीही नाव चुकले असे कोणी म्हणाले नाही. जातिवाचक नामाला मात्र असे स्वातंत्र्य नाही. ‘मालवाहू’ या नावाने बोलावलेल्या विमानात माल मावलाच पाहिजे. आमच्या मते परिभाषेतला निम्मा गोंधळ विशेषनामाचा थाट जातिवाचक नामावर चढविल्यामुळे झाला आहे.

काही जातींना मराठीने नाव दिलेच नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. हेलिकॉप्टर हा शब्द ग्रीक मुळांवरून फ्रेंचांनी १८६१ च्या सुमारास घडविला; त्याचा शब्दशः अर्थ मळसूत्री पंख असा आहे. मराठीत ‘मळसूत्र’ हा उत्तम शब्द सुतारा-लोहाराच्या हाताशी होता. पण त्याचा उपयोग करण्याचे कोणाला सुचले नाही आणि आता फार उशीर झाला आहे. ‘जेट’साठी ‘झोत’ होता; झोतविमान म्हटले असते तर काही बिघडले नसते. परंतु जेट हा शब्द मराठीच्या उच्चारात इतका चपखल बसला की त्याला उठविण्यात अर्थ नाही. ‘स्वनातीत’ हा आवाजाच्या वेगापलीकडे जाणाऱ्या विमानांसाठीचा शब्द अचूक आहे, पण त्याला प्रवासी मिळाले नाहीत. कॉन्कॉर्ड हे स्वनातीत प्रवासी विमान १९७६ पासून २००३ पर्यंत चालले आणि निवृत्त झाले, तोवर मराठी वाचक ‘कॉन्कॉर्ड’ हेच नाव घेत राहिला. उलट ‘डकोटा’ हे एका विमानाचे विशेषनाम. हैदराबादची डेक्कन एअरवेज कंपनी १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत हीच विमाने चालवीत असे. आता आकाशातून डकोटा गेला; परंतु जुन्या, खडखडणाऱ्या गाडीला ‘डकोटा’ म्हणण्याची लकब मराठीत राहिली. विशेषनामाचे जातिवाचक नाम लोक असे करतात, अनुमती न घेता.

आज शेतकऱ्याच्या जवळ आलेले उडते यंत्र म्हणजे ड्रोन. कापसावर औषध फवारणारा ड्रोन पाहून कोणी ‘मानवरहित विमान’ म्हणणार नाही, कारण त्या नावात यंत्र काय नाही हे सांगितले आहे, काय आहे ते सांगितलेले नाही. येथेही आम्हांला मराठीची जुनी चाल बरी वाटते. नाम ‘ड्रोन’ राहू द्यावे, आणि त्याची जात मराठीने सांगावी: फवारणीचा ड्रोन, टेहळणीचा ड्रोन, मोजणीचा ड्रोन. उसने नाम घेऊन विशेषण घरचे लावणारी भाषा दरिद्री नसते. नाम आणि विशेषण दोन्ही उसने घेऊ लागली की मात्र तिची चिंता करावी.

आता एका शब्दाविषयी आमची तक्रार नोंदवतो, आणि ती आदिलाबादनेच आम्हांला शिकविली आहे. ‘प्रवासी विमान’ हे नाव महाराष्ट्रात निर्दोष आहे. पण हिंदीत ‘प्रवासी’ म्हणजे परदेशी जाऊन राहिलेला, आणि तेलुगूतही ‘प्रवास’ शब्दाला तीच छटा आहे; परदेशस्थ आंध्रांना ते ‘प्रवासांध्रुलु’ म्हणतात. उत्तर तेलंगणातून आखाती देशांत मजुरीसाठी गेलेल्यांची घरे गावोगाव आहेत. तेथे ‘प्रवासी विमान’ हे शब्द तेलुगू शेजाऱ्याच्या कानी पडले तर त्याला दुबईहून माणसे आणणारे विमान आठवेल! त्याचा स्वतःचा शब्द ‘प्रयाणिकुडु’. आणि मराठीत ‘प्रयाण’ म्हटले की निघून जाणे, ‘महाप्रयाण’ म्हटले की कायमचे जाणे. तेव्हा प्रयाणिकांचे विमान आपल्याला कोठे नेईल हे सांगावयास नको. हिंदीतला ‘यात्री’ घ्यावा तर आपल्याला पंढरीचा यात्रेकरू दिसतो. उर्दूतला ‘मुसाफिर’ मात्र मुसाफर होऊन मराठीत फार दिवसांपासून नांदतो आहे. एकच माणूस तिकीट काढून एकाच आसनावर बसतो. चार भाषा त्याला परदेशस्थ, परलोकवासी, वारकरी आणि वाटसरू अशी चार रूपे देतात.

मग ‘प्रवासी’ टाकावा काय? मुळीच नाही. शब्द शेजाऱ्याला समजावा म्हणून घर बदलणे हा उपाय नव्हे. परंतु सरहद्दीवर शिकविणाऱ्या शिक्षकाने हा भेद वर्गात उघड करून सांगितला पाहिजे. ज्या मुलाला ‘प्रवासी’ आणि ‘प्रयाणिकुडु’ यांतला फरक कळला त्याला दोन्ही भाषा कळल्या. ज्याला तो सांगितलाच गेला नाही तो एक दिवस आपल्या मातृभाषेचाच शब्द चुकीचा समजून सोडून देईल. सरहद्दीवर शब्द मरतात ते बहुधा अशा संकोचाने मरतात.

विमानतळाचेही असेच. हिंदीतला ‘अड्डा’ मराठीत जुगाराला आणि दारूला वाहिलेला आहे, म्हणून ‘हवाई अड्डा’ आपल्याला रुचत नाही. ‘विमानपत्तन’ हा केंद्र शासनाचा शब्द भारदस्त आहे. पण पत्तन म्हणजे पाटण, आणि पाटण म्हणजे वसलेले गाव किंवा बंदर. तेलुगूतले ‘विमानाश्रयम्’ मधुर आहे, त्यात थकलेल्या पाखराला झाड मिळाल्याचा भाव आहे. मराठीने ‘तळ’ निवडला. लष्कराचा तळ, गाडीतळ, वाहनतळ या ओळीत विमानतळ सहज बसला. तळ हा तात्पुरता असतो. तेथे मुक्काम करून पुढे जावयाचे असते. विमानाच्या स्वभावाला याहून योग्य शब्द आम्हांला दिसत नाही. आणि ‘धावपट्टी’! विमान उडण्यापूर्वी धावते हे पाहणाऱ्यालाच हा शब्द सुचला असणार. त्यात संस्कृताचा थाट नाही, इंग्रजीची छाया असूनही भाषांतराचा वास नाही; तो इतका घरचा आहे की आदिलाबादच्या त्या जुन्या पट्टीला दुसरे काही म्हणण्याचे मराठी माणसाला सुचणार नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आदिलाबादेत उद्या विमानतळ झाला तर त्यावरच्या पाट्या तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी असतील. महाराष्ट्राबाहेरच्या जिल्ह्यात मराठी पाटीची अपेक्षा धरता येत नाही, आणि त्याबद्दल कोणाशी भांडण्याचेही कारण नाही. परंतु त्याचा अर्थ असा की, येथे मराठी शब्दाला शासनाचा, पाटीचा किंवा घोषणेचा आधार नाही. महाराष्ट्रात एखादा कृत्रिम शब्द कचेरीच्या बळावर पन्नास वर्षे जगू शकतो. येथे तो पन्नास दिवसही जगणार नाही. येथे शब्दाला दोनच आधार आहेत, घर आणि मराठी शाळा. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘इमान’ म्हणावे आणि शाळेतल्या गुरुजींनी त्याला हसून ‘विमान’ लिहावयास शिकवावे, इतकी ती साधी व्यवस्था आहे. यातला एक आधार गेला तर दुसरा फार काळ टिकणार नाही. ज्या मुलाला नव्या वस्तूचे नाव आपल्या भाषेत घेता येत नाही, त्याची भाषा जुन्या वस्तूंची भाषा होऊन बसते. सणावाराला, ओव्यांना आणि भांडणाला उरते. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांत गेलेल्या मराठी मुलाचे असेच झाले होते. त्याचे शास्त्र उर्दूत होते आणि मराठी केवळ माजघरात.

म्हणून परिषदेला आमची एक सूचना आहे. महाराष्ट्रातल्या शासनाने आणि विद्वानांनी केलेले परिभाषाकोश आपल्याजवळ आहेत. त्यांच्या श्रमांना उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांतले शब्द निवडताना पैनगंगेच्या दक्षिणेचा, बिदर-बेळगावचा आणि गोव्याच्या सीमेवरचा शिक्षक विचारात घेतला गेला नाही. आता तरी या जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी आपापल्या गावात नव्या यंत्रांना लोक काय म्हणतात ते टिपून ठेवावे. ‘इमान’ टिपावे, ‘डकोटा’ टिपावा, मराठी मुलाच्या तोंडी आलेली ‘गाली मोटार’ही टिपावी. ती चूक म्हणून टिपू नये, साक्ष म्हणून टिपावी. कोश म्हणजे न्यायालय नव्हे. ते आधी दप्तर असते.

काही विद्वान आक्षेप घेतील की, अशाने भाषा भेसळ होईल. आमचे उत्तर असे की, ‘विमान’ हा शब्दच या भीतीचे निरसन करतो. तो उर्दूच्या शेजारी राहिला, तेलुगूने त्याला शिखराचा अर्थ देऊ केला, इंग्रजीने त्याला पाटीवरून खाली ओढले. पण तो हलला नाही, कारण त्याची मुळे कीर्तनात होती आणि फांद्या वर्तमानपत्रात. असा शब्द राखावा लागत नाही, वापरावा लागतो. आदिलाबादच्या धावपट्टीवर पहिले प्रवासी विमान उतरेल तेव्हा कोणत्या भाषेत त्याचे स्वागत होईल ते होवो. कुंपणापलीकडच्या कापसाच्या शेतात उभी असलेली एखादी म्हातारी नातवाला ‘इमान आलं रे’ म्हणाली आणि नातवाने ते ‘विमान’ असे पाटीवर लिहिले, तर मराठीचे या जिल्ह्यातले काम चालू आहे असे आम्ही समजू.